मी सोडवतो

मंगळवारी चारनंतर विभाग ओस पडतो.
शिपाई एकेक वर्गाचे पंखे बंद करत येतो
आणि माझ्या दाराशी थबकतो,
"अजून हाय व्हय?"
आहे. अजून आहे.

बाहेर माळावर मोर ओरडतो.
त्याची हजेरी कुणी घेत नाही.

श्रावस्ती कांबळे. गारगोटीच्या पुढचं गाव.
वडील गुऱ्हाळावर गुळव्या,
काकवीचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी वळून बघतात
आणि सांगतात, आलं, उतरवा.
तापमापी नाही. चूक नाही.
ती मात्र सांगते, "आबांना गणित येत न्हाई."

पुण्याच्या कार्यशाळेत फळ्याशी बोलावल्यावर
ती उठून म्हणाली, "मी सोडवतो, सर."
आपल्याकडं पोरी म्हणतात तसंच.
मी जातो, मी जेवलो, मी सोडवतो.
खोली हसली.
कुणीतरी विचारलं, तो सोडवणार की ती?
गणित तसंच राहिलं फळ्यावर.
परत आली ती शेवटच्या बाकावर,
आणि दोन महिने
प्रत्येक वाक्य क्रियापदाच्या आधीच संपवत राहिली.

मला हे बाक ठाऊक आहे.
एक्क्याण्णव साली माझे मार्गदर्शक म्हणाले होते,
"लग्न ठरलं की कळवा,
म्हणजे विषय छोटा घेऊ."
वाईट नव्हते ते. चहा पाजायचे.
मी विषय छोटा घेतला.

आठ मार्चला मला नारळ देतात, एक गुलाब,
आणि प्रेरणेवर दहा मिनिटं बोला म्हणतात.
बोलते.
नारळाची वडी होते, बोललेल्याचं काय होतं माहीत नाही.
मला विचाराल तर, एवढंच जमतं:
खडू तिच्या हाती देणं
आणि आपला हात पदराखाली धरून ठेवणं.
अकरा मिनिटं. मी घड्याळात पाहिलंय.
नवव्या मिनिटाला उत्तर माझ्या दातांपर्यंत आलं होतं.

त्या आधी एकदाच तिला म्हटलं होतं,
एप्सिलॉनला भिऊ नकोस.
समोरचा म्हणतो, इतक्या जवळ येऊन दाखव.
तू म्हण, आलो.
तो अंतर आणखी कमी करील.
तू म्हण, आलो.
तो आकडे शोधून दमेल, तू दमायचं नाही.
यालाच सीमा म्हणतात.
ती हसली. "आलो म्हणू?"
आलोच म्हण.

काल माझीच टिपणं उघडून बसली होती,
पिवळी, कडांना चहाचे डाग.
चौथ्या पायरीवर बोट ठेवून म्हणाली,
"मॅडम, इथं ह्यानं भागलंय.
हे शून्य असलं तर?"

बावीस तुकड्यांनी उतरवून घेतलेली पायरी.
कुणी विचारलं नव्हतं.
किंवा विचारायचं होतं एखादीला,
आणि बस सुटत होती.

"मग कोण दुरुस्त करणार?" मी.
"मी करतो," म्हणाली, आणि जीभ चावली,
"म्हणजे, करते."
नको, म्हटलं. पहिलंच राहू दे.

सहा दहाची गाडी अर्थातच गेली.
स्कूटरवर मागं बसवून स्टँडकडं निघाले,
सायबर चौकात सिग्नल लाल.
पाठीवर काहीतरी सरकत होतं:
तिचं बोट. ती लिहीत होती.
पहिलं प्रकरण, शून्य आहे.
खांद्यापासून कमरेपर्यंत, नीट, ओळ न मोडता.

हिरवा लागला.
मागचा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला.
थांब रे बाबा,
दुसरं प्रकरण अजून व्हायचंय.